न नेलेला पडदा

किंक्रांतीच्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास माझ्या दुरुस्तीच्या दुकानात पाचशे रुपये आगाऊ जमा झाले. कामाचा एकूण ठराव एकोणीसशे रुपयांचा होता. हजर माणसे तीन: मी, पावस गावाच्या अलीकडे ज्यांची आंब्याची बाग आहे ते दत्ताराम, आणि त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी नवे काम हाती घेऊ नये असे आमच्याकडे मानतात. वहिनींनी ते बोलूनही दाखवले.

"आज करीचा दिवस. उद्या आलो असतो तर काय बिघडलं असतं?"

"उद्यासाठी बोट थांबायची आहे काय?" दत्ताराम म्हणाले.

"नाहीच थांबत. कधी थांबली?" वहिनी म्हणाल्या आणि बाकावर जरा लांब सरकून बसल्या.

दत्ताराम बोटीवर फिटर. तीस वर्षे मालवाहू बोटींवर गेली. आठ-नऊ महिने पाण्यात, दोन-तीन महिने घरी. त्यांनी काउंटरवर दोन वस्तू ठेवल्या. एक, सीडीवर चालणारा जुना गेम आणि त्याच्यावर बसणारा पाच इंचांचा छोटा पडदा. मुलगा शाळेत होता तेव्हा कुठल्यातरी बंदरातून आणलेला. दुसरी, फणसाच्या लाकडाची पिवळीधमक पेटी. जेवणाच्या डब्यापेक्षा थोडी मोठी, कडा गोल घासलेल्या, पुढे पडद्याच्या मापाची चौकट कापलेली. पेटी त्यांनी सुट्टीत स्वतः बनवली होती.

"ह्या दोन्हींचं एक करायचं," ते म्हणाले. "वायर नको, प्लग नको. हिला मांगरात नेता आलं पाहिजे."

मांगर म्हणजे बागेतली राखणीची खोप. मोहोराला बारीक कैरीची कणी धरली की वानरे यायला लागतात, तेव्हापासून आंबा उतरेपर्यंत वहिनी दिवसभर तिथे बसतात. वीज नाही. मुलगा नोकरीसाठी लांब गेल्यावर घरात पडून राहिलेला त्याचा गेम त्यांनी एका पावसाळ्यात सहज लावून पाहिला आणि रंगीत गोट्या जुळवायच्या एका खेळात त्या अडकल्या.

"साठीला आलेली बाई गेम खेळते, हे दुकानात येऊन सांगायला लाज नाही वाटत तुम्हाला?" वहिनी नवऱ्याला म्हणाल्या.

"लाज कसली? वानरं बघतील. ती काय गावभर सांगणार आहेत?"

मी नेहमीप्रमाणे खरे ते सांगितले. एवढ्या पैशांत थोडी भर घातली तर नवा तयार खेळ मिळेल. फोनवर तर फुकट मिळेल. दत्ताराम म्हणाले, "फोन दिलेला आहे. त्यावर ती फक्त माझ्याशी भांडते." मग जरा गंभीर झाले. "महिनाअखेरीला बोट धरायची आहे. एजंट दोन बोटी सांगतोय. एक आत्ताची, दुसरी थेट जूनची. हिला शब्द दिलाय, चालता पडदा तुझ्या हातात दिल्याशिवाय बोट धरणार नाही. तेव्हा पंचवीस तारखेला मला मिळाला पाहिजे."

मी पंचवीस तारीख दिली. वहिनी उठून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

आता या कामात काय असते ते सांगतो, कारण पडदा स्वतः उजळतो असा बहुतेकांचा समज असतो. तसे नाही. पडदा ही नुसती खिडकी. तिला हजारो बारीक झडपा असतात. त्या उघडझाप करतात आणि चित्र दिसते. उजेड मागून यावा लागतो. त्या काळच्या छोट्या पडद्यांत मागे उदबत्तीच्या काडीएवढी जाड ट्यूब असे. तिला पेटवायला काही शे व्होल्ट लागतात, ते तयार करणारा एक तुकडा बाजूला बसवलेला असतो. घरच्या प्लगवर याचे काही वाटत नाही. बॅटरीवर मात्र ती ट्यूब निम्मी भाकरी एकटीच खाते. म्हणून ट्यूब काढायची, तिच्या जागी पांढऱ्या एलईडींची रांग लावायची, आणि त्यांचा उजेड मागच्या पारदर्शक काचपट्टीत सगळीकडे सारखा शिरेल असे पाहायचे. एलईडी जरा वाकडी बसली की पडद्यावर दिव्याखाली पडतो तसा गोल चट्टा दिसतो. मग पडद्याच्या मागच्या सर्किटचे नको ते कान कापायचे, हेडफोनचे भोक, जास्तीचे प्लग, म्हणजे ते पेटीत मावते. कडेला एक सोनेरी लवचीक पट्टी असते, चित्राचे सगळे सिग्नल तिच्यातून जातात. ती एकदा दुमडली की पडदा टाकून द्यायचा. तिला मी हात लावतो तेव्हा रेडिओसुद्धा बंद करतो.

असले काम आता कुणी आणत नाही. रत्नागिरीत अठ्ठावीस वर्षे माझे टीव्ही दुरुस्तीचे दुकान आहे. पहिली वीस वर्षे मी वस्तू दुरुस्त केल्या, नंतरची आठ वर्षे मी वस्तूंचे भाग बदलले. या दोन्हींत फरक आहे. पूर्वी टीव्ही उघडला की त्या घराचा वास यायचा. एका टीव्हीत मुंग्यांनी अंडी घातलेली, मालकीणबाई म्हणाल्या, "जपून काढा हो, मारू नका." आरे-वारेच्या रस्त्यावरचे एक निवृत्त कारकून खाऱ्या हवेला उपाय म्हणून टीव्हीच्या मागच्या भोकांतून डांबराच्या गोळ्या आत टाकत. त्यांचा सेट चालू केला की खोलीत कपाट उघडल्यासारखे वाटे. गोळ्या घरंगळून जाऊन नेमक्या तापणाऱ्या भागावर बसल्या आणि एक दिवस वितळल्या. मी साफ करून दिले आणि पुन्हा टाकू नका म्हटले. ते म्हणाले, "मग गंज धरला तर जबाबदारी तुमची?" गंज तर धरणारच हे दोघांनाही माहीत होते. समुद्राकाठी तांब्यावर हिरवे चढतेच. आमचा निम्मा धंदा त्या हिरव्यावर चालला.

आता पॅनेल गेले की नवे पॅनेल, बोर्ड गेला की नवा बोर्ड, आणि त्याहून स्वस्त पडतो तो नवा टीव्ही. त्यामुळे त्या पेटीचे काम हातात आल्यावर मला बरे वाटले. बाकीची कामे उरकून मी रोज दुपारी तेच घेऊन बसे.

चौथ्या दिवशी वहिनी एकट्या आल्या. हातात मिक्सरचे भांडे होते. भांड्याला काही झालेले नव्हते. झाकणाचे रबर जरा सैल होते एवढेच.

"कुठवर आलं?" त्यांनी विचारले.

"ट्यूब निघाली. दिवे लावतोय. पंचवीसला मिळेल."

"नक्की?"

"नक्की."

त्या बसल्या. पदराने मिक्सरचे भांडे पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, घाई करू नका."

मला आधी समजले नाही. मी म्हटले, घाई नाही, कामच तेवढे आहे.

"तसं नाही. तीस वर्षांत ह्यांनी एक हंगाम घरी काढलेला नाही. सुट्टी मिळते ती पावसात, नाहीतर गणपतीत. बाग ह्यांची, कलमं ह्यांच्या बाबांनी लावलेली, पण झाडाखाली उभं राहून एक आंबा खाल्लानी असं झालेलं नाही. पेटीतून मुंबईला पाठवायचा, तिथनं कोणाबरोबर तरी बोटीवर जायचा, तोवर त्याचं लोणचं झालेलं. आता बोट चुकली तर जूनपर्यंत दुसरी नाही. एक हंगाम, भाऊ. जास्त नाही मागत."

"तुम्हीच त्यांना सांगा की."

"सांगून राहिलेला माणूस कुरकुरतो. आपला आपण राहिला तर गोष्ट वेगळी."

मी म्हटले, "वहिनी, मी तारीख दिलेली आहे."

"तारखांचं काय घेऊन बसलात! आमच्याकडे पत्रिका वाटलेली लग्नं पुढे गेलीत."

मी रबर बदलून दिले. त्याचे वीस रुपये घेतले. एवढ्या वर्षांत मी गिऱ्हाइकाला खोटी तारीख दिलेली नाही, आणि कुणाच्या घरातल्या गोष्टीत पाना घालायचा नाही हा माझा नियम आहे. तरी त्या गेल्यावर त्या दुपारी माझ्याच्याने काम झाले नाही. रात्री पत्नीला, शैलाला, सांगितले. ती म्हणाली, "तुम्ही तुमच्या वेगाने करा. तो काही कमी हळू नाही."

पण काम सरळ होत गेले. कधीकधी एखादे काम आपण होऊन जुळत जाते, तसे ते जुळले. एलईडींचा उजेड पहिल्या खेपेलाच सारखा पडला. दोन लिथियम सेल एकापुढे एक जोडले की जो विजेचा दाब मिळतो तोच नेमका त्या पडद्याला आणि गेमला लागतो, त्यामुळे मधले काही घालावे लागले नाही. पेटीचे माप दत्तारामांनी इतके बरोबर घेतले होते की कानस लावायची वेळ आली नाही. एकवीस तारखेच्या दुपारी मी पेटी बंद केली, बटण दाबले आणि रंगीत गोट्या खाली पडायला लागल्या. मुद्दाम उशीर करायला मला कुठेही जागा उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर पुन्हा लावून पाहिले, तर उजव्या खालच्या कोपऱ्यात पांढुरका ढग. तळहाताच्या खोलगट भागाएवढा. मला वाटले एलईडी सरकली. पेटी उघडली, एक एलईडी बदलली, पुन्हा लावला. अकरा वाजले होते, ढग नव्हता. मी खूश. तिसऱ्या दिवशी सकाळी ढग हजर. दुपारी गायब.

असला बिघाड दुरुस्तीवाल्याला सगळ्यात वाईट. नसतो तेव्हा शोधता येत नाही. मी सोल्डर तपासले, पट्टी तपासली, दमट हवेवर ठपका ठेवला. चोवीस तारखेला पहाटे चांगली थंडी होती. आंघोळीला गेलो तर खोबरेलाची बाटली गोठलेली. शैला बाहेरून म्हणाली, "गरम पाण्यात बुडवा, सुटेल." बाटली हातात धरून मी तसाच उभा राहिलो. मग आंघोळ तशीच टाकून कपडे घातले आणि दुकानात गेलो.

पडद्याच्या मागे, काचपट्टी आणि झडपांची काच यांच्यामध्ये उजेड पसरवणारे दोन-तीन पापुद्रे असतात, बटर पेपरसारखे. चौकट सैल करून मी कोपरा नाकाशी नेला. खोबरेल. थंडीत ते गोठून पांढरे होत होते आणि उन्हे वर आली की वितळून दिसेनासे होत होते. पूर्वी हे कधीच दिसले नसणार, कारण जुनी ट्यूब तापायची आणि मिनिटभरात तेल पातळ करायची. एलईडी थंड असतात. ढग माझ्या कामामुळे उघडा पडला होता.

मी दत्तारामांना फोन करून सांगितले, उद्या सकाळी सातला या, दुपारी नको. ते एकटे आले. मी पेटी लावून दाखवली. खाली पडणाऱ्या गोट्या ढगात शिरत होत्या आणि फिकट होऊन बाहेर येत होत्या.

"हे काय?"

"खोबरेल तेल."

"पडद्यात? ते कुठून आलं?"

मी सांगितले ते एवढेच: एका दिवसात इतके आत जात नाही. कुणीतरी तेलाचे बोट लावलेले फडके वर्षानुवर्षे याच्यावर फिरवत आले आहे, कडांवरून तर जास्तच. कोयतीला लावतात तसे, गंज धरू नये म्हणून. चौकटीच्या फटीतून ते थोडे थोडे आत झिरपत गेले.

दत्ताराम पडद्याकडे बघत राहिले. "मला वाटलेलं, ही खेळायला लागेपर्यंत माळ्यावर पडून होता," ते म्हणाले. "मुलगा गेल्यावर पडूनच होता म्हणाली. मी आणलेल्या सगळ्या वस्तू पडूनच असतात म्हणाली."

मी म्हटले, "पडून असलेल्या वस्तूचे स्क्रू एवढे स्वच्छ नसतात. एकालाही गंज नाही."

त्यांनी एका स्क्रूवरून नख फिरवले. नंतर विचारले, "काढता येईल?"

"दोन दिवस लागतील. पापुद्रे धुवायचे, वाळवायचे, धूळ न बसता परत घालायचे. बिघडायचा धोका आहे. पण दुपारी बघितलात तर आत्ताच तयार आहे. आज तारीख पंचवीस आहे आणि घेऊन जायचा तर मी अडवणार नाही. हे दोन्ही तुम्हाला सांगणं माझं काम."

"मी सकाळी बघितला ना?"

"हो."

"मग तयार नाही." त्यांनी खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर उभे राहूनच मुंबईच्या एजंटला लावला. "हां, मी बोलतोय. नाही, ही बोट नको. जूनची बघा. नाही हो, तब्येत ठीक आहे. घरी एक काम राहिलंय." पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. दत्तारामांनी फोन कानापासून लांब धरला आणि मला म्हणाले, "शिव्या देतोय. देऊ दे."

वहिनींनी माझ्याकडे काय मागितले होते ते मी त्यांना सांगितले नाही. गरज पडली नाही.

पापुद्रे मी धुतले, पण घातले शैलाने. माझी बोटे तारांना सरावलेली, जाड. तिने आयुष्यभर फणसपोळी घातलेली. पातळ पापुद्रा एका टोकाने धरून हवेचा बुडबुडा न ठेवता कसा निजवायचा हे तिच्या हाताला माहीत आहे. दरवाजा लावून, पंखा बंद करून, श्वास धरून तिने तिन्ही एकावर एक निजवले. त्यानंतर थंडीच्या चार सकाळी मी तपासून पाहिले. ढग नव्हता.

मी फोन करून कळवले: पडदा तयार. दत्ताराम म्हणाले, "असू दे तुमच्याकडे. मोहोराला फवारणी चाललीय, सवड नाही." दहा दिवसांनी पुन्हा फोन केला, वहिनींनी घेतला. "कोण? हां, भाऊ. येतो हो, येतो. घाई काय आहे?" शिमगा गेला, पाडवा गेला. पेटी माझ्या मागच्या फळीवर होती. माझ्या दुकानात न नेलेल्या वस्तू पुष्कळ आहेत. कुणाचे मालक गेले, कुणी नवे घेतले, कुणाला दुरुस्तीचे पैसे जड झाले. पण दोघेही शहाणे, दोघांनाही ती हवी, आणि दोघेही ती नेत नाहीत, अशी वस्तू तेवढी एकच. बॅटरी उतरू नये म्हणून मी आठवड्यातून एकदा ती चार्ज करी आणि तपासायच्या निमित्ताने जेवणानंतर थोडे खेळे. त्या वेळी मला आमच्या दुकानातली जुनी गर्दी आठवे. पावसाळ्याच्या तोंडावर अँटेनाचे बूस्टर घेऊन आलेली माणसे, काउंटरवरून वाकून "बिघाड सापडला का हो?" विचारणारी. सापडला म्हटले की त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचे त्यासाठी मी हा धंदा केला असे आता वाटते. तेव्हा तसे काही वाटत नव्हते. तेव्हा गर्दीचा त्रासच व्हायचा.

मे संपता संपता वहिनी आल्या. बरोबर डझनभर आंबे, शेवटच्या तोडीचे.

"काय वहिनी, कसा झाला हंगाम?"

"यंदा आंबा बरा." त्या बाकावर बसल्या.

"झाडाखाली खाल्ला ना दत्तारामदादांनी?"

त्या हसल्या. "खाल्लानी. पहिल्या दिवशी सहा. शर्टावर रस. लहान पोरासारखे कोय चोखत उभे. मी म्हटलं, झालं, भरून पावलं." मग हसू हळूहळू गेले. "महिनाभर छान होतं हो. रोज मांगरात यायचे. चहा करायचे, वानरांवर ओरडायचे, वानरं पण घाबरायची नाहीत, आवाज ओळखीचा नव्हता ना. मग हळूहळू पायरीवर बसायला लागले. समोर पाणी दिसतं तिकडे तोंड करून. लांबून बोट चालली की सांगायचे, ही रिकामी आहे, वर आलीय बघ. ही भरलेली. हिच्या इंजिनाला अमुक त्रास असणार. वानर मागच्या झाडावर येऊन आंबा घेऊन गेलं तरी पत्ता नाही. एकदा मी हाक मारली, तीनदा. ऐकलंनी नाही."

मी पंखा जरा वाढवला.

"तीस वर्षं मी त्याच पायरीवर बसून त्याच पाण्याकडे बघायची," वहिनी म्हणाल्या. "वाटायचं, माणूस शेजारी येऊन बसलं की मान वळेल. शेजारी आलं तरी बघायचं तिकडेच. फक्त आता दोघांनी." त्यांनी पिशवीतले आंबे काउंटरवर एकेक करून ठेवले, देठ वर. "काय बोलत नाहीत हो. मी मागितलं तर जूनची बोट पण सोडतील. म्हणून तर आले. द्या ती पेटी."

मी फळीवरून पेटी काढली आणि लावून दिली. त्यांनी ती मांडीवर घेतली, दोन्ही अंगठे बटणांवर ठेवले आणि मिनिटभर खेळल्या. हात इतका सराईत चालत होता की मी बघत राहिलो. मग त्यांनी खेळ मध्येच थांबवला.

"मी तेल लावायची ते चूक होतं काय?"

"पडद्याला चूक. स्क्रूंना बरोबर."

"आता नाही लावणार," त्या म्हणाल्या, आणि पदराच्या टोकाने, कोरड्याच, काच पुसली.

"दादांना काय सांगणार?"

"सांगायचं काय? हातात दिसेल की. दिसली की बॅग भरायला घेतील. मनाने केव्हाच भरलीय."

मी पावती लिहायला घेतली. काम दत्तारामांनी दिले होते, आगाऊ रक्कम त्यांची होती, म्हणून सवयीने नाव त्यांचे घालायला लागलो. वहिनींनी काउंटरवर बोट टेकले.

"नाव माझं घाला. ह्यांना पाठवतेय मी."

मी नाव बदलले. त्यांनी कनवटीची छोटी पिशवी सोडून आंब्याच्या पैशांतल्या नोटा मोजून दिल्या. बाकी रुपये चौदाशे, सौ. सुनंदा यांच्याकडून, रोख, मला मिळाले.